‘रेव्हिझोर’च्या तीन रंगावृत्ती : अभिजात नाटकाच्या पुनःप्रयोगातील संहितानिष्ठेचा प्रश्न

सारांश

निकोलाय गोगोल यांचे ‘रेव्हिझोर’ हे पाच अंकी प्रहसन १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील अलेक्सांद्रिन्स्की रंगमंदिरात प्रथम सादर झाले. १९२६ मध्ये व्हसेव्होलोद मेयरहोल्ड यांनी मॉस्को येथे त्याची संपूर्णतः नवी रंगावृत्ती सिद्ध केली आणि २००२ मध्ये व्हालेरी फोकिन यांनी मेयरहोल्ड यांच्याच रंगसंहितेच्या आधारे, मूळ प्रयोग जेथे झाला त्या अलेक्सांद्रिन्स्की रंगमंदिरात हे नाटक पुन्हा उभे केले. प्रस्तुत लेखात या तीन प्रयोगांची तुलना करून ‘संहितेशी प्रामाणिक राहणे’ या संकल्पनेची मर्यादा व व्याप्ती स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : संहिता, रंगावृत्ती, पुनःप्रयोग, मूकदृश्य, दिग्दर्शकाचे कर्तृत्व.

१. प्रस्तावना

एखादे अभिजात नाटक नव्याने रंगभूमीवर आले की समीक्षकांकडून आणि जाणत्या प्रेक्षकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे नाटक मूळ लेखकाचे राहिले आहे काय? प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु मूळ लेखकाचे म्हणजे नेमके कोणते, याचा विचार केला की त्याची गुंतागुंत लक्षात येते. नाटक छापलेल्या पानांवर पूर्ण होत नाही. ते नटाच्या देहातून, नेपथ्यातून, प्रकाशातून व प्रेक्षकांच्या प्रतिसादातून पूर्ण होते. म्हणून प्रत्येक प्रयोग हा संहितेचा एक अर्थ असतो आणि प्रत्येक पुनःप्रयोग हा आधीच्या अर्थांशी केलेला वाद किंवा संवाद असतो.

हा प्रश्न तपासण्यासाठी गोगोल यांच्या ‘रेव्हिझोर’इतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या नाटकाचा पहिला प्रयोग पाहून खुद्द लेखकच निराश झाला होता. पुढील दशकात त्याने संहिता बदलली, नटांसाठी सूचना लिहिल्या आणि अखेरीस आपल्याच नाटकाचा एक निराळा अर्थ मांडला. मराठी वाचकाला या नाटकाची ओळख मुख्यतः पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंमलदार’ या रूपांतरामुळे आहे. रूपांतरात स्थळ, पात्रे, भाषा व सामाजिक संदर्भ बदलतात हे आपण गृहीतच धरतो आणि त्याबद्दल तक्रार करीत नाही. पुनःप्रयोगात मात्र शब्द बहुतांशी तेच असतात आणि तरीही नाटक बदललेले दिसते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

२. नाटकाचे कथासूत्र

रशियातील एका दूरस्थ गावात राजधानीहून तपासनीस येणार, तोही वेषांतर करून, अशी वार्ता नगराधिकाऱ्याला कळते आणि त्याच्या हाताखालच्या सर्व अधिकाऱ्यांचे धाबे दणाणते. न्यायाधीश, धर्मादाय संस्थांचा व्यवस्थापक, शाळा-तपासनीस, टपाल अधिकारी या प्रत्येकाच्या खात्यात काही ना काही काळेबेरे आहे. गावातील खाणावळीत ख्लेस्ताकोव नावाचा एक किरकोळ कारकून पैसे संपल्यामुळे अडकून पडला आहे. पेन्झा या शहरात तो जुगारात हरला आहे, खाणावळवाला त्याला उधारीवर जेवण देण्यास तयार नाही. बोबचिन्स्की व दोबचिन्स्की हे दोन गप्पिष्ट जमीनदार याच तरुणाला तपासनीस ठरवतात आणि भ्यालेला गाव त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

पुढील सर्व घटना या एका गैरसमजातून वाढत जातात. ख्लेस्ताकोवचा पाहुणचार होतो, तो भरमसाट थापा मारतो, अधिकारी ‘उसने’ म्हणून त्याच्या हातात पैसे ठेवतात. नगराधिकाऱ्याची पत्नी आणि मुलगी या दोघींशीही तो प्रेमाच्या गोष्टी करतो, मुलीला मागणी घालतो आणि चतुर नोकराच्या सल्ल्याने वेळीच निघून जातो. लोकांची पत्रे फोडून वाचण्याची सवय असलेला टपाल अधिकारी त्याचे मित्राला लिहिलेले पत्र उघडतो, तेव्हा सत्य बाहेर येते. त्याच क्षणी खरा तपासनीस आल्याची वर्दी घेऊन एक शिपाई प्रवेश करतो. सर्व पात्रे जागच्या जागी थिजतात आणि पडदा पडतो.

या कथेत एकही सज्जन पात्र नाही, ही गोष्ट तत्कालीन प्रेक्षकांना खटकली. नाटकात एक प्रामाणिक पात्र होते, ते कोणाच्या लक्षात आले नाही आणि ते पात्र म्हणजे हास्य, अशा आशयाचे उत्तर गोगोल यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका संवादरूप लेखनातून दिले. हे उत्तर पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारण १९२६ च्या प्रयोगावर झालेला प्रमुख आक्षेप या हास्याविषयीच होता.

३. पहिला प्रयोग : १८३६

गोगोल यांचा जन्म १८०९ मध्ये युक्रेनमधील पोल्टावा प्रांतात झाला. १८२८ च्या अखेरीस ते पीटर्सबर्गला आले. तेथे त्यांनी काही काळ सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केली आणि १८३४-३५ या काळात पीटर्सबर्ग विद्यापीठात इतिहासाचे अध्यापनही केले. ही प्राध्यापकी फारशी यशस्वी झाली नाही. परंतु कारकुनीच्या अनुभवाने त्यांना नोकरशाहीची भाषा, तिच्यातील दर्जाच्या पायऱ्या आणि वरिष्ठाविषयीचे भय यांचे जवळून दर्शन घडले. ऑक्टोबर १८३५ मध्ये त्यांनी पुश्किन यांना पत्र लिहून प्रहसनासाठी एखादे अस्सल रशियन कथाबीज मागितले. ‘रेव्हिझोर’चे बीज पुश्किन यांच्याकडून मिळाल्याचे गोगोल यांनी नंतर नमूद केले आहे.

झार पहिला निकोलस याच्या अनुमतीमुळे हे नाटक रंगभूमीवर येऊ शकले. १९ एप्रिल १८३६ रोजी, जुन्या रशियन पंचांगानुसार, झालेल्या पहिल्या प्रयोगास तो स्वतः उपस्थित होता. या नाटकात सर्वांनाच चपराक बसली आणि सर्वांत अधिक आपल्याला, अशा आशयाचे उद्गार त्याने काढल्याचे सांगितले जाते. प्रयोग लोकप्रिय ठरला. तरीही गोगोल नाराज होते आणि त्यांच्या नाराजीची कारणे केवळ वैयक्तिक मानता येत नाहीत.

पहिले कारण ख्लेस्ताकोवच्या भूमिकेचे होते. निकोलाय द्यूर या नटाने ती तत्कालीन हलक्याफुलक्या संगीत-प्रहसनांतील ठरीव थापाड्याप्रमाणे केली. गोगोल यांच्या मते ख्लेस्ताकोव हा ठरवून फसवणारा लबाड नाही. तो बोलता बोलता स्वतःच्याच बोलण्यात वाहून जातो, आपण थाप मारीत आहोत हेही विसरतो आणि त्या क्षणी तो आयुष्यातील सर्वांत सुखी माणूस असतो. म्हणजे गावाची फसवणूक ख्लेस्ताकोव करीत नाही. गाव स्वतःच्या भीतीपोटी स्वतःची फसवणूक करून घेते. नटाने लबाडीवर भर दिला की नाटकाचा हा कणाच मोडतो.

दुसरे कारण शेवटच्या मूकदृश्याचे होते. सर्व पात्रांनी जवळजवळ दीड मिनिट निश्चल उभे राहावे, अशी सूचना संहितेत आहे आणि प्रत्येक पात्राची शरीरमुद्राही तेथे नेमकेपणाने सांगितली आहे. प्रत्यक्षात हे दृश्य अस्पष्ट राहिले, पडदा गोंधळलेल्या क्षणी पडला आणि नाटक अपुरे वाटले, अशी गोगोल यांची तक्रार होती. जून १८३६ मध्ये त्यांनी रशिया सोडला आणि पुढील सुमारे बारा वर्षांतील बहुतेक काळ परदेशात, विशेषतः रोममध्ये, घालवला.

४. लेखकाचे बदलते मत

येथे संहितानिष्ठेच्या प्रश्नाला पहिले वळण मिळते. गोगोल यांनी १८४२ मध्ये नाटकाची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. तोंडच वाकडे असेल तर आरशाला दोष देऊ नये, अशा अर्थाची एक रशियन लोकम्हण त्यांनी आरंभी घातली. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही मराठी म्हण तिच्या जवळची असली तरी आरशाचा उल्लेख येथे विशेष अर्थपूर्ण आहे. रंगभूमी हा आरसा आणि प्रेक्षक ही त्यात पाहणारी व्यक्ती, असे नाते या म्हणीतून सूचित होते. याच आवृत्तीत नगराधिकारी अखेरीस प्रेक्षकांकडे वळतो आणि ते स्वतःलाच हसत आहेत याची त्यांना जाणीव करून देतो. १८३६ च्या प्रेक्षकांनी हा उद्गार ऐकलेला नव्हता.

१८४६ मध्ये गोगोल यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. नाटकाचा ‘उलगडा’ म्हणून लिहिलेल्या एका छोट्या रचनेत त्यांनी असे सुचविले की, हे गाव म्हणजे मानवी अंतःकरणातील नगर, तेथील भ्रष्ट अधिकारी म्हणजे मनातील विकार आणि शेवटी येणारा खरा तपासनीस म्हणजे मृत्यूच्या दारात जागी होणारी सदसद्विवेकबुद्धी होय. मॉस्कोतील माली रंगमंदिरात १८३६ पासून नगराधिकाऱ्याची भूमिका करणारे थोर नट मिखाईल श्चेपकिन यांना हा अर्थ मुळीच मान्य झाला नाही. इतकी वर्षे ज्यांच्या सहवासात काढली ते अधिकारी आपल्यासाठी जिवंत माणसे आहेत, त्यांची रूपके करू देणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी गोगोल यांना लिहिले.

हा प्रसंग नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारा आहे. येथे लेखक स्वतःच्या नाटकाचा अर्थ बदलू पाहतो आणि नट, लेखकाविरुद्ध, संहितेची बाजू घेतो. मग निष्ठा कोणाशी? १८३६ च्या संहितेशी, १८४२ च्या संहितेशी, १८४६ च्या लेखकाशी, की श्चेपकिन यांच्यासारख्या नटांनी घडविलेल्या प्रयोगपरंपरेशी? चारही उत्तरांना आधार आहे. ती चारही एकाच वेळी स्वीकारता मात्र येत नाहीत.

५. मेयरहोल्ड यांची रंगावृत्ती : १९२६

५.१ पार्श्वभूमी

व्हसेव्होलोद मेयरहोल्ड यांचा जन्म १८७४ मध्ये पेन्झा येथे, म्हणजे ख्लेस्ताकोव ज्या शहरात पैसे हरला त्याच शहरात, झाला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरच्या पहिल्या नटसंचात ते होते आणि चेखव यांच्या ‘सीगल’मध्ये त्यांनी त्रेपलेवची भूमिका केली होती. पुढे स्तानिस्लाव्स्की यांच्या वास्तववादापासून ते दूर गेले. १९०८ ते १९१८ या काळात त्यांनी अलेक्सांद्रिन्स्की रंगमंदिरात दिग्दर्शन केले. क्रांतीनंतर १९१८ मध्ये ते बोल्शेविक पक्षात सामील झाले आणि मॉस्को येथे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे रंगमंदिर उभे राहिले.

‘रेव्हिझोर’चा त्यांचा प्रयोग ९ डिसेंबर १९२६ रोजी प्रथम सादर झाला. त्यापूर्वी १९२१ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने हे नाटक केले होते आणि त्यातील मिखाईल चेखव यांचा ख्लेस्ताकोव गाजला होता. म्हणजे मेयरहोल्ड यांच्यासमोर केवळ गोगोल यांची संहिता नव्हती, तर नव्वद वर्षांची प्रयोगपरंपराही होती.

५.२ संहितेतील बदल

मेयरहोल्ड व त्यांचे सहकारी मिखाईल कोरेनेव यांनी नाटकाचे वेगवेगळे पाठ, लेखकाचे कच्चे खर्डे आणि गोगोल यांच्या ‘जुगारी’ या नाटकासारख्या अन्य रचनांतील अंश एकत्र आणून नवी रंगसंहिता तयार केली. पाच अंकांऐवजी पंधरा प्रसंग केले आणि प्रत्येक प्रसंगास स्वतंत्र शीर्षक दिले. ख्लेस्ताकोवच्या सोबतीला बहुतांशी मूक असलेला एक फिरस्ता लष्करी अधिकारी आणला. प्रयोगाच्या जाहिरातीत मेयरहोल्ड यांचा उल्लेख ‘प्रयोगाचे लेखक’ असा करण्यात आला. दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाविषयी विसाव्या शतकात झालेल्या चर्चेत या दोन शब्दांना विशेष स्थान आहे.

हे बदल मनमानी होते काय? त्यांची सामग्री बहुतांशी गोगोल यांच्याच लेखनातून आलेली होती, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. सेन्सॉरच्या भयाने किंवा तत्कालीन रंगभूमीच्या सोयीसाठी लेखकाने जे वगळले ते परत आणणे, हा त्यामागील युक्तिवाद होता. एका नाटकाऐवजी समग्र गोगोल रंगभूमीवर आणण्याची ही आकांक्षा होती. अर्थात लेखकाने वगळलेला मजकूर त्याने विचारपूर्वकच वगळला असेल, हा प्रतिवादही तितकाच रास्त आहे.

५.३ स्थळ, नट आणि शेवट

मेयरहोल्ड यांनी आडगावाचे चित्र टाळले. रंगमंचाच्या मागे व दोन्ही बाजूंना चकचकीत महोगनी लाकडाची अर्धगोलाकार भिंत उभारण्यात आली आणि तिला पंधरा दरवाजे ठेवण्यात आले. बहुतेक प्रसंग सुमारे सव्वाचार मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल अशा उतरत्या फिरत्या चौथऱ्यांवर घडत. अंधारातून असा चौथरा पुढे येई, त्यावर उंची फर्निचर आणि दाटीवाटीने बसलेली माणसे दिसत. जागेच्या या टंचाईमुळे नटांना हातांच्या, चेहऱ्यांच्या व नजरेच्या सूक्ष्म हालचालींवर अवलंबून राहावे लागे आणि भयाने एकमेकांना चिकटलेल्या नोकरशाहीचे चित्र आपोआप उभे राही. गाव लहान राहिले नाही. ते निकोलसकालीन राजधानीचेच प्रतिबिंब बनले.

लाच देण्याचा प्रसंग या योजनेचे उत्तम उदाहरण आहे. मूळ संहितेत अधिकारी एकामागून एक येऊन पैसे देतात. मेयरहोल्ड यांच्या प्रयोगात मागील भिंतीचे दरवाजे एकदम किलकिले होतात आणि प्रत्येकातून पाकीट धरलेला एक हात बाहेर येतो. व्यक्ती नाहीशी होते, व्यवस्था दिसू लागते. संहितेतील कृती तीच आहे. तिचा अर्थ मात्र व्यक्तिगत भ्रष्टतेकडून यंत्रणेच्या स्वरूपाकडे सरकला आहे.

एरास्त गारिन यांचा ख्लेस्ताकोव काळ्या पोशाखात, चौकोनी काचांचा चष्मा लावून आणि कोटाला कडक पावाचे कडे अडकवून येई. तो प्रसंगागणिक बदले : कधी भुकेला जुगारी, कधी डौलदार सरदार, कधी छायेसारखा अनोळखी माणूस. त्याला स्वतःचे असे रूप नव्हते, समोरच्यांची भीती जे रूप मागेल ते तो धारण करी. गोगोल यांच्या सूचनेचा, म्हणजे हा माणूस ठरवून फसवत नाही या कल्पनेचा, हा तर्कशुद्ध विस्तार म्हणता येईल. झिनाइदा राइख यांनी नगराधिकाऱ्याच्या पत्नीची भूमिका केली. तिच्या मनोराज्यात कपाटांतून तरुण लष्करी अधिकारी बाहेर पडून तिची आराधना करतात, असा एक प्रसंग होता. मुलीच्या भूमिकेत मारिया बाबानोवा होत्या.

मूकदृश्याची सोडवणूक सर्वांत धाडसी होती. नगराधिकाऱ्याला वेड लागते, गोंधळ शिगेला पोचतो आणि खऱ्या तपासनीसाच्या आगमनाची वार्ता लिहिलेला पांढरा पडदा प्रेक्षकांसमोर येतो. तो दूर झाल्यावर सर्व पात्रे निश्चल उभी दिसतात. काही क्षणांनी प्रेक्षकांच्या ध्यानात येते की ही माणसे नसून माणसाच्या उंचीचे पुतळे आहेत. जिवंत नटाला दीड मिनिट निश्चल राहणे जवळजवळ अशक्य असते, ही नव्वद वर्षांची व्यावहारिक अडचण येथे सुटली. त्याचबरोबर ज्यांच्यातील प्राण केव्हाच निघून गेला आहे अशी ही माणसे आहेत, असा अर्थही व्यक्त झाला.

५.४ प्रतिसाद

प्रयोगावर प्रचंड वादंग झाले. शिक्षण-सांस्कृतिक खात्याचे प्रमुख लुनाचार्स्की आणि कवी-कादंबरीकार आंद्रेय बेली यांनी त्याचे समर्थन केले. कवी देम्यान बेदनी यांनी मात्र मेयरहोल्ड यांनी गोगोल यांचे हास्य ठार केले असा आरोप केला. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नव्हता. हास्य हेच आपल्या नाटकातील एकमेव प्रामाणिक पात्र, असे ज्या लेखकाने म्हटले त्याच्या नाटकात हास्याची जागा गोठलेल्या भयाने घ्यावी, हा बदल मूलभूत आहे. दुसऱ्या बाजूने असेही दिसते की गोगोल यांच्या नाटकाचा शेवट हास्यात होत नाही, तो हास्य थांबण्यात होतो. मेयरहोल्ड यांनी हा शेवट आधीच्या सर्व प्रसंगांत पसरविला. त्यातून नाटकाची एक खोल बाजू उजळली आणि दुसरी मंदावली.

६. प्रयोगाचा अंत आणि स्मृती

हा प्रयोग अनेक वर्षे चालला व १९३० मध्ये जर्मनी आणि पॅरिस येथील दौऱ्यातही दाखविण्यात आला. १९३६ पासून सोव्हिएत वृत्तपत्रांतून ‘रूपवादा’विरुद्ध मोहीम सुरू झाली. डिसेंबर १९३७ मध्ये ‘प्रावदा’ने मेयरहोल्ड यांच्या रंगमंदिरावर ते परके असल्याचा ठपका ठेवणारा लेख छापला आणि जानेवारी १९३८ मध्ये ते बंद करण्यात आले. वैचारिक मतभेद असूनही स्तानिस्लाव्स्की यांनी त्यांना आपल्या ऑपेरा रंगमंदिरात काम दिले. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्तानिस्लाव्स्की निवर्तले. २० जून १९३९ रोजी मेयरहोल्ड यांना अटक झाली. जुलैमध्ये राइख यांचा त्यांच्या मॉस्कोतील घरात खून झाला. कोठडीत झालेल्या छळाची हकीकत मेयरहोल्ड यांनी मोलोतोव यांना लिहिलेल्या पत्रात दिली आहे. २ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९५५ मध्ये त्यांना निर्दोष ठरविण्यात आले.

मधल्या काळात त्यांचे नाव उच्चारणेही धोक्याचे होते. त्यांचे शिष्य, चित्रपटकार सर्गेई आयझेनस्टाइन यांनी त्यांची कागदपत्रे आपल्या घरी लपवून ठेवली म्हणून ती वाचली. नाटककाराची संहिता छापलेली असते आणि ती सहसा पुसली जात नाही. दिग्दर्शकाची निर्मिती मात्र प्रयोगाबरोबर संपते आणि टिपणे, छायाचित्रे व साक्षीदारांच्या आठवणी नष्ट झाल्या तर ती घडलीच नव्हती असे म्हणता येते. पुनःप्रयोगाचा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही, तो सांस्कृतिक स्मृतीचाही आहे, हे यावरून स्पष्ट होते.

७. पुनःप्रयोगाचा पुनःप्रयोग : २००२

२००२ मध्ये व्हालेरी फोकिन यांनी अलेक्सांद्रिन्स्की रंगमंदिरात ‘रेव्हिझोर’ सादर केले, तेव्हा त्यांनी मेयरहोल्ड व कोरेनेव यांची १९२६ ची रंगसंहिता आधारभूत मानली. स्थपती कार्लो रोस्सी यांनी बांधलेली आणि १८३२ मध्ये खुली झालेली ही वास्तू म्हणजे गोगोल यांच्या निराशेचे स्थळ आणि मेयरहोल्ड यांचे दहा वर्षांचे कार्यक्षेत्र होय. अशा रीतीने या नाटकाच्या दोन परंपरा येथे एकत्र आल्या. फोकिन पुढे २००३ मध्ये या रंगमंदिराचे कलात्मक दिग्दर्शक झाले.

हा प्रयोग संग्रहालयातील प्रतिकृती ठरला नाही, याचे मुख्य कारण ख्लेस्ताकोवची भूमिका होय. अलेक्सेय देवोतचेन्को यांनी साकारलेला ख्लेस्ताकोव १८३६ चा विनोदी थापाड्याही नव्हता आणि १९२६ ची छायाकृतीही नव्हता. त्याच्यात उद्धटपणा व गुंडगिरीची छटा होती. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यानंतरच्या दशकात रशियाने पाहिलेला, कोणतीही पात्रता नसताना बेदरकारपणाच्या बळावर वर चढणारा माणूस प्रेक्षकांना त्याच्यात ओळखता आला. रंगसंहिता जुनी, वास्तू त्याहून जुनी. परंतु मध्यवर्ती पात्र वर्तमानातले, अशी ही रचना होती.

या प्रयोगासाठी फोकिन व देवोतचेन्को यांना राज्य पुरस्कार लाभला. पुढे २०११ मध्ये देवोतचेन्को यांनी शासनाच्या निषेधार्थ आपल्या शासकीय सन्मानांचा त्याग करीत असल्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. १८३६ मध्ये झारच्या संमतीने रंगभूमीवर आलेले, १९२६ मध्ये क्रांतिकारक राज्याच्या आश्रयाने नव्याने घडलेले आणि २००२ नंतर राज्याने गौरविलेले हे नाटक सत्तेशी असलेले आपले अवघड नाते कधीही सोडू शकले नाही.

८. तुलनात्मक विवेचन

तीनही प्रयोगांना नाटकाने विचारलेले प्रश्न समान आहेत. ख्लेस्ताकोव कोण? १८३६ च्या प्रयोगाने त्याला लबाड ठरविले, १९२६ च्या प्रयोगाने भयाने निर्माण केलेली आकृती मानले, तर २००२ च्या प्रयोगाने बेदरकार आक्रमक म्हणून दाखविले. हे गाव कोठे आहे? पहिल्या प्रेक्षकांना ते दूरच्या प्रांतात वाटले, मेयरहोल्ड यांनी ते राजधानीत आणले आणि फोकिन यांनी ते प्रत्यक्ष राजधानीच्या जुन्या शाही रंगमंदिरात, प्रेक्षकांच्या वर्तमानात उभे केले. यातून लक्षात येते की, संहितेतील शब्दांची संख्या व क्रम सर्वाधिक राखणारा १८३६ चा प्रयोग लेखकाच्या आशयापासून दूर गेला होता. तर संहितेची मोडतोड करणारा १९२६ चा प्रयोग निदान दोन बाबतीत, ख्लेस्ताकोवच्या स्वभावात आणि मूकदृश्यात, लेखकाच्या सूचनांच्या अधिक जवळ पोचला.

यावरून ‘काहीही चालेल’ असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. मेयरहोल्ड यांचे स्वातंत्र्य गोगोल यांच्या समग्र लेखनाच्या अभ्यासावर उभे होते. संहितेचे अज्ञान झाकण्यासाठी केलेले बदल आणि संहितेतील न सुटलेला प्रश्न सोडविण्यासाठी केलेले बदल यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात नाटक दिग्दर्शकाच्या कल्पनेचे निमित्त बनते. दुसऱ्यात दिग्दर्शकाची कल्पना नाटकाच्या गरजेतून जन्मते. आणि दुसऱ्या प्रकारातही किंमत मोजावी लागते, हे बेदनी यांच्या आक्षेपाने दाखवून दिले आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. वर्गात नाटक शिकविताना ते बहुधा कादंबरीप्रमाणे वाचले जाते; कथानक, स्वभावचित्रण, संवाद व संघर्ष या घटकांची चर्चा होते आणि रंगसूचना कंसातील दुय्यम मजकूर म्हणून वगळल्या जातात. ‘रेव्हिझोर’चा कळस मात्र नेमका एका रंगसूचनेत आहे. तेथे एकही शब्द उच्चारला जात नाही. शब्दांपुरते वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे नाटक कळसाच्या आधीच संपते. ‘अंमलदार’ किंवा अन्य कोणतेही नाटक अभ्यासताना त्याच्या निरनिराळ्या प्रयोगांची छायाचित्रे, परीक्षणे व नटांच्या आठवणी यांचा संहितेबरोबरच अभ्यास झाला, तर ही उणीव काही अंशी भरून निघू शकेल.

९. निष्कर्ष

१. अभिजात नाटकाची ‘मूळ’ संहिता ही अनेकदा एकच व स्थिर वस्तू नसते. ‘रेव्हिझोर’च्या बाबतीत खुद्द लेखकाने १८३६ ते १८४६ या दशकात संहिता आणि तिचा अर्थ दोन्ही बदलले.

२. शब्दनिष्ठा आणि आशयनिष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली असूनही दुसरी हरवू शकते, हे पहिल्याच प्रयोगाने दाखविले.

३. पुनःप्रयोगातील बदलाचे मूल्यमापन करताना तो बदल नाटकातील कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि त्यासाठी नाटकातील काय गमावतो, या दोन्ही बाजू तपासल्या पाहिजेत.

४. दिग्दर्शकाची निर्मिती नाशवंत असल्यामुळे प्रयोगांचे दस्तऐवजीकरण ही अभ्यासकांची व संस्थांची जबाबदारी ठरते. एका शिष्याने लपवून ठेवलेल्या कागदांमुळे एका दिग्दर्शकाची स्मृती वाचली. सर्वच नाट्यपरंपरांच्या वाट्याला असा शिष्य येईल, याची शाश्वती नसते.